शिंदे मामा आणि यादीतला अकरावा मुद्दा

शनिवार, १४ फेब्रुवारी १९७६. सांगली. आमच्या महाविद्यालयाची सेंद्रिय रसायनाची प्रयोगशाळा. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. हजर : माझे मार्गदर्शक डॉ. लेले. विद्यापीठाने तपासणीसाठी पाठवलेले एक पाहुणे. मी, म्हणजे त्याच विभागात पंधरा वर्षे शिकवणारी आणि चाळिशीच्या तोंडावर पीएच.डी. करायला घेतलेली. आणि प्रयोगशाळेतले परिचर शिंदे मामा. एकूण चार.

ही हजेरी मी त्याच सकाळी वहीत लिहिली होती. मी सगळ्याचीच नोंद ठेवते. वाणसामानाची, परीक्षेच्या पेपरांची, उसन्या दिलेल्या पुस्तकांची. पण मामांविषयी लिहायचे तर त्या शनिवारच्या आधी त्यांच्या बोटाविषयी लिहायला हवे.

काचेचे कुठलेही भांडे टेबलावर येण्याआधी मामांच्या हातातून जायचे. ते डोळे मिटायचे, उजव्या हाताचे पहिले बोट भांड्याच्या कडेवरून, गळ्यावरून, बुडावरून सावकाश फिरवायचे आणि मग एक तर भांडे पुढे ठेवायचे नाही तर बाजूच्या खोक्यात टाकायचे. खोक्यात गेलेल्या भांड्यावर मला कधी काही दिसायचे नाही. मी उजेडाला धरून बघायची, भिंग लावायची. पंधरा मिनिटांनी कुठेतरी केसाएवढा ओरखडा सापडायचा.

"आवं बाई, डोळ्याला समदी काच सारकीच दिसती," मामा म्हणायचे. "बोटाला इचारा की. त्ये खोटं बोलत न्हाई."

मामा कोरेगावजवळच्या एका खेड्यातले. फौजेत पंधरा वर्षे काढली, त्यातली बरीचशी दारूगोळ्याच्या डेपोत. परत आल्यावर शेती भावांच्या हातात होती आणि तीत चौथ्या माणसाला काम नव्हते, म्हणून एका नातेवाइकाच्या ओळखीने सांगलीला आमच्याकडे लागले. नऊ वर्षे हंगामी. दर जूनला नवा कागद, दर एप्रिलला तो संपलेला. शेवटी १९७६ च्या मार्चपासून त्यांना कायम करायचे ठरले होते. हुकूम टाइप झाला होता, फक्त सही राहिली होती. मामा हे कोणाला सांगत नसत. मात्र फेब्रुवारीत त्यांनी खाकी शर्टाला नवी बटणे लावून घेतली, तेवढ्यावरून आम्ही ओळखले.

आता कामाविषयी थोडे सांगते, कारण त्याशिवाय पुढचे कळायचे नाही. आम्ही डायझो संयुगांवर काम करत होतो. या संयुगांच्या टोकाला नायट्रोजनचे दोन अणू बसलेले असतात आणि ते निघून जायला टेकलेले असतात. त्यांना तांब्याचा स्पर्श झाला की ते वायू होऊन निघून जातात, आणि मागे राहिलेला अस्वस्थ कार्बन शेजारच्या रेणूला चिकटून तीन कोपऱ्यांचे लहानसे कडे तयार करतो. शेवंतीच्या जातीच्या एका फुलात कीड मारणारे जे द्रव्य असते, त्यात असेच कडे असते. ते प्रयोगशाळेत सोप्या रीतीने करता आले तर द्राक्षाच्या बागांना त्याचा उपयोग होईल, असे डॉ. लेले यांचे स्वप्न होते. तांबे स्वतः संपत नाही. ते फक्त काम सुरू करून देते.

तांब्याची पावडर आम्ही घरीच करायचो, म्हणजे प्रयोगशाळेत. द्राक्षांवर फवारायला आणतात तो मोरचूद पाण्यात विरघळवायचा, त्यात जस्ताची पूड टाकायची, की तांबे गाळासारखे खाली बसते. ताजे असताना लालसर. बाटलीत ठेवले की महिनाभरात तपकिरी, मग काळपट. आम्ही ती काळपट पावडरच वापरायचो आणि तिने आम्हाला कधी दगा दिला नव्हता.

डायझो द्रव पिवळा असतो. मामा त्याला नुसते 'पिवळं' म्हणायचे. वरच्या नरसाळ्यातून पिवळ्याचा एक एक थेंब खालच्या गरम चंबूत पडायचा, तांब्याशी गाठ पडली की नायट्रोजन सुटायचा, आणि तो वायू बाजूच्या तेलाच्या नळीतून बुडबुडे काढत बाहेर पडायचा. बुडबुडे मोजायचे काम मामांचे. ते दोन वाट्या घेऊन बसत. एका वाटीत चिंचोके. शंभर बुडबुडे झाले की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. गावाहून आणलेल्या चिंचेचे ते चिंचोके होते. चिंचेचा गोळा कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेला असायचा, कारण प्रयोगशाळेतली तांब्याची जलपात्रे मामा त्यानेच घासत.

"पिवळं बोलत असलं की भ्या न्हाई," ते म्हणायचे. "बुडबुड काडतंय तवर ते आपलं. गप बसलं की उठून हुबं ऱ्हायचं." डेपोत शिकलेले असावे. तिथेही म्हणे, न उडालेल्या गोळ्यापाशी लगेच जायचे नसे.

तपासणीचा दिवस ठरला तेव्हा मी बावीस मुद्द्यांची यादी केली. आमच्या प्रयोगशाळेला पीएच.डी.साठी मान्यता मिळते की नाही, ते त्या पाहुण्यांच्या अहवालावर होते. मान्यता नसेल तर माझे चार वर्षांचे काम पुण्याला किंवा कोल्हापूरला कुणाच्या तरी दारात न्यावे लागणार होते. शुक्रवारी दुपारी मी यादी वाचत होते आणि मामा एक एक काम संपवून तिच्यावर पेन्सिलीने तिरकी रेघ मारत होते. फरशी पुसणे. पंख्याची पाती पुसणे. बाटल्यांना नवी लेबले.

तांब्याच्या पावडरीची बाटली हातात आली तशी मी थांबले.

"मामा, ही अशी काळी पावडर पाहुण्यांना दाखवायची?"

"रोजचीच हाय की."

"रोजची आहे, पण बघा ना कशी दिसते. देवघरातलं ताम्हण असं ठेवाल का तुम्ही?"

मामा हसले. "आमची मंडळी घराबाहीर काडंल मला."

"मग धुऊन टाका. चिंचेच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने, मग स्पिरिटने. आणि वाळवा." आणि मी यादीत लिहिले : ११. तांब्याची पावडर धुणे – चिंच, मग स्पिरिट. अकराव्या आकड्यापुढची ओळ मोकळी राहिली होती, तिच्यात ते बसले.

तासाभराने मामांनी पावडर आणून दाखवली. गुलाबी, लख्ख. पाडव्याच्या गुढीवरचा तांब्या दिसावा तशी. मला फार बरे वाटले. मामांनी अकराव्या मुद्द्यापुढे तिरकी रेघ मारली.

शनिवारी सगळे वेळेवर झाले. धूर ओढून घेणारे आमचे एकमेव कपाट कोपऱ्यात होते आणि तिथे चौघांना उभे राहता येत नसे, म्हणून डॉ. लेले यांनी उपकरण मधल्या टेबलावर मांडायला लावले होते. समोर जाड काचेची लाकडी चौकट होती. पाहुण्यांना नीट दिसेना म्हणून ती बाजूला सरकवली. तेलाचा गरम डबा एका लाकडी ठोकळ्यावर, त्यात चंबू. बर्फाचे घमेले मामांच्या पायाशी.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी नरसाळ्याची तोटी उघडली. पहिला थेंब पडला. नेहमी दोन मिनिटांत बुडबुडे सुरू होत.

अकरा पंधरा. बुडबुडा नाही.

अकरा वीस. मामांच्या डाव्या वाटीत सगळे चिंचोके जसेच्या तसे.

पाहुण्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. त्यांना एकच्या गाडीने परत जायचे होते. "साधारण किती वेळ लागतो?" त्यांनी सौम्यपणे विचारले.

"आत्ता सुरू होईल," डॉ. लेले म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "थेंब वाढवा जरा."

"साहेब," मामा बसल्या जागेवरून म्हणाले, "पिवळं गप हाय."

"दिसतंय मला, शिंदे."

"दहा मिंटं झाली, गप हाय. एवढं आत गेलंय, त्ये ग्येलं कुटं? बाई, तोटी बंद करा."

माझा हात तोटीवर होता. मी डॉ. लेले यांच्याकडे पाहिले. वयाने ते माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण परदेशात शिकून आलेले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला त्या क्षणी काय माहीत होते आणि काय नव्हते, हे मी पुढे अनेकदा कागदावर मांडून पाहिले आहे. तांबे धुतल्याने असे होते, हे मला माहीत नव्हते. कोणालाच नव्हते. पण आज एक गोष्ट रोजच्यापेक्षा वेगळी केली आहे, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होते, मामांना आणि मला. डॉ. लेले यांना सांगायला एक वाक्य पुरले असते. पाहुण्यांसमोर ते वाक्य मला अवघड वाटले. चिंचेने तांबे घासले, असे रसायनशास्त्राची प्राध्यापिका कशी सांगणार?

"वाढवा," डॉ. लेले पुन्हा म्हणाले.

मी तोटी आणखी उघडली.

अकरा एकोणतीसला एक बुडबुडा आला. पाहुणे हसले. "बघा, आलाच." मग दुसरा, तिसरा, आणि मग मोजायला काही उरलेच नाही. तेलाच्या नळीतून नुसता आवाज येऊ लागला, स्टोव्हची पिन निघाल्यावर येतो तसा. चंबूतला द्रव चढत चढत वरच्या थंड नळीत शिरला. साठलेल्या सगळ्या पिवळ्याला एकदम वाचा फुटली होती.

"भाईर!" मामा ओरडले. फौजेतला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी डाव्या हाताने मला असे ढकलले की मी थेट दारापाशी पाहुण्यांवर जाऊन आदळले. मागे वळून पाहिले तेव्हा मामांनी लाथेने ठोकळा उडवला होता, गरम तेलाचा डबा खाली गेला होता, आणि दोन्ही हातांनी बर्फाचे घमेले उचलून ते चंबूखाली धरत होते. तेवढ्यात चंबू गळ्यापाशी फुटला.

आम्हा तिघांना खरचटलेही नाही. मामा घमेले धरून तसेच उभे होते. बर्फ लाल होत चालला होता.

"पेटलं न्हाई न्हवं?" त्यांनी विचारले.

मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या उजव्या हातातून काचेचे सात तुकडे काढले. हात वाचला. पहिली दोन बोटे मात्र पुन्हा वाकली नाहीत आणि त्यांच्या टोकांना काही कळेनासे झाले. गरम नाही, गार नाही, काच नाही.

बुधवारी प्राचार्यांच्या खोलीत चौकशी झाली. प्राचार्य, संस्थेचे एक सभासद, डॉ. लेले, मी. मामांना उभे केले होते. हात गळ्यात बांधलेला. मग प्राचार्यांनीच खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. शनिवारीच डॉ. लेले यांनी उरलेली पावडर पाहिली होती आणि ती वेगळी आहे हे त्यांच्या लक्षात आले होते.

"पावडर कुणी धुतली, शिंदे?" प्राचार्यांनी विचारले.

"म्या."

"कुणी सांगितलं होतं?"

मामा खिडकीकडे पाहत राहिले. प्राचार्यांनी तेच पुन्हा विचारले, मग आणखी एकदा. खोलीत पंखा फिरत होता. माझ्या मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये ती यादी होती, घडी घालून. चार महिन्यांनी मला प्रबंध सादर करायचा होता. मान्यतेचे काय होणार, तेही ठरायचे होते. मी मनात वाक्य तयार केले. ते फार लांब झाले. मी ते लहान करत होते.

"काळी दिसली," मामा शेवटी म्हणाले. "धुतली."

अपघाताच्या नोंदवहीत एक रकाना असतो : कोणाच्या सूचनेवरून. प्राचार्यांनी त्यात लिहिले, 'स्वतःहून'. आम्ही सगळ्यांनी खाली सह्या केल्या. माझी तिसरी आहे. मार्चचा हुकूम सही न होता परत गेला आणि एप्रिलमध्ये हंगामी कागद संपला तो पुन्हा निघाला नाही. मामा कोरेगावला गेले. निरोपाला मी होते. त्यांनी चिंचोक्यांच्या दोन्ही वाट्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "मोजायचं सोडू नगा."

मान्यता मिळाली. पाहुण्यांनी अहवालात कर्मचाऱ्याच्या प्रसंगावधानाचा उल्लेख केला होता, नाव न घालता. प्रबंध सादर झाला. माझ्या नावाआधी डॉक्टर लागले.

त्यानंतरच्या वर्षात, सुट्ट्यांच्या दिवशी, मी एक काम केले. चमचाभर पिवळे, धुराच्या कपाटाच्या आत, काचेची चौकट पुढे घेऊन. एकदा काळपट पावडर, एकदा चिंचेने धुतलेली. चार वेळा आलटून पालटून. काळपट पावडरीने दोन मिनिटांत सुरुवात केली. धुतलेली चारही वेळा गप बसली, कधी वीस मिनिटे, कधी चाळीस, आणि मग एकदम उसळली. म्हणजे काम करत होता तो तांब्यावर चढलेला काळपटपणा. त्यातलाच थोडासा अंश विरघळून प्रक्रिया सुरू करतो. आम्ही नेमका तोच घासून काढला होता.

डिसेंबर ७७ मध्ये मी पॅसेंजरने कोरेगावला गेले. मामा ओसरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत होते, डाव्या हाताने. उजवी दोन बोटे सरळ पुढे काढलेली, कुणाला दिशा दाखवत असल्यासारखी.

"या बाई. आज यादीत आमचं नाव हुतं वाटतं?"

मी हसण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या पत्नीने चहा आणला. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी मामांना चारही प्रयोग सांगितले. ते शेंग हातात तशीच धरून ऐकत होते, वर्गात पहिल्या बाकावरचा विद्यार्थी ऐकतो तसे.

"मंजी मळच काम करत हुता?"

"हो. थोडक्यात तसंच."

"आन आपुन त्येलाच घासला!" मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आतून पत्नीने "आता काय झालं?" म्हणून विचारले. "काय न्हाई गं, आमच्या पिवळ्याचा पत्ता लागला!" मग तोंड पुसून त्यांनी विचारले, "किती वाट बगाय लावली म्हनालात? चाळीस मिंटं? आपुन एकोणीस मिंटात सुटलो की. लय झालं."

नंतर ते बराच वेळ सोलत राहिले. मीही चार शेंगा घेतल्या.

"मामा, त्या बुधवारी…" मी म्हणाले.

"व्हय."

"तुम्ही माझं नाव का घेतलं नाही?"

"तुमी घ्याल म्हून." त्यांनी वर पाहिले नाही. "म्हनलं, बाई शिकलेल्या हायत, त्येंच्या तोंडून बरं दिसंल. थांबलो. तुमी बी गप, मी बी गप. मग साहेब इचारून इचारून कटाळलं."

मामांनी टोपलीतले दाणे हाताने सारखे केले.

"ते जाऊ द्या. पर हे तांब्याचं लिवलं का कुटं? दुसऱ्या कुण्या कालेजात कुणी घासत बसलं मंजी? समद्यांच्या घरात चिच असती. एकांद्याचा हात जाईल."

"लिहिते," मी म्हणाले. "लगेच लिहिते."

"यादीत घाला," मामा म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिले. "आन यादी दावा बी."

निघताना त्यांनी दोन किलो वाघ्या घेवडा पिशवीत घालून दिला. मी एक काचेची परीक्षानळी नेली होती, आठवण म्हणून द्यायला. काय सुचले कोण जाणे. त्यांनी ती घेतली, डोळे मिटले आणि सवयीने उजवे बोट तिच्या कडेवरून फिरवले. मग डोळे उघडले, थोडे हसले, नळी डाव्या हातात घेतली आणि पुन्हा सुरुवात केली. "डाव्याला शिकवतोय," ते म्हणाले. "लय मठ्ठ हाय." पण कड संपेपर्यंत त्यांनी सोडली नाही. "चांगली हाय. वापरा," म्हणून परत माझ्या हातात दिली.

तांब्याविषयीचे टिपण मी लिहिले. डॉ. लेले यांनी ते तपासून दिले आणि ते छापूनही आले. त्यात एक वाक्य असे आहे : 'तांब्याची पावडर वापरण्यापूर्वी चिंचेच्या पाण्याने धुण्यात आली होती.' कोणी धुतली आणि कोणी धुवायला लावली, ते त्यात नाही. शास्त्रीय लेखनात माणसांची नावे घालत नाहीत, असे डॉ. लेले म्हणाले, आणि ते खरेच आहे. मला ते फार सोयीचे पडले. छापील पान मी कोरेगावला पाठवले, 'नळी तुमच्यासाठीच आणली होती, पाठवते' असे खाली लिहून. उत्तर आले नाही.

यंदा श्रावणात पोस्टकार्ड आले. मामा गेले. शेतात काम करताना छातीत दुखले, दवाखान्यात न्यायच्या आत संपले. मजकूर शेजाऱ्याच्या हातचा होता, सांगितलेला त्यांच्या पत्नीने. शेवटची ओळ : 'तुमची काचेची नळी यायची होती म्हणून त्यांनी फळीवर जागा करून ठेवली होती.' परीक्षानळी मी परत आणली होती आणि कबूल करूनही पाठवली नव्हती. ती त्यांना स्वतःजवळ ठेवायला हवी होती, हे मला तेव्हा कळले नव्हते.

नळी मी गेल्या महिन्यात पार्सलने पाठवली. त्या कामापुढे रेघ मारली.

१३ फेब्रुवारी १९७६ ची यादी माझ्या फायलीत आहे. बावीस मुद्दे, माझे अक्षर, बावीस तिरक्या रेघा, मामांच्या. मी आता विभागप्रमुख आहे. अपघाताची नोंदवही माझ्याच कपाटात असते, दुसऱ्या खणात, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. नोंदीत दुरुस्ती करायची तर प्राचार्यांना पत्र द्यावे लागते, सोबत पुरावा जोडावा लागतो, आणि मग जुन्या शब्दावर रेघ मारून शेजारी नवा लिहून सही करावी लागते. पत्राचा मसुदा तयार आहे. चौदा ओळींचा आहे. मी तो अजून लहान करते आहे.

या आठवड्याच्या यादीत सहा कामे होती. पाच झाली. सहावे : 'स्वतःहून' वर रेघ, शेजारी माझे नाव.